गळतो तो सांधा: अधिकारी घडवणाऱ्यांना बडोद्याहून एक खुलं पत्र

प्रति,
मसुरीपासून अहमदाबादेपर्यंत सरकारी अधिकारी घडवणाऱ्या प्रशिक्षण संस्थांचे संचालक, तिथले शिक्षक आणि अभ्यासक्रम ठरवणारी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी बडोद्याच्या दांडिया बाजारात राहते. तेहतीस वर्षं सरकारी नोकरी केली. कारकून म्हणून लागले, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. तेवढ्या काळात सतरा साहेब आले आणि गेले. बरेचसे हुशार होते, दोन-तीन खरोखर चांगले होते आणि आळशी म्हणावा असा एकच निघाला. तोही बदलीच्या आधी सुधारला होता, असं आमच्या ऑफिसात अजून सांगतात.

तेव्हा हे पत्र साहेबलोकांच्या तक्रारीचं नाही. तुमच्याकडून येणारी मुलं कायदा जाणतात, भाषण छान करतात, पहाटे उठून धावायला जातात. आपल्या खात्याचं काम त्यांना दोन महिन्यांत समजतं. अडतं ते दोन खात्यांच्या मध्ये. आमच्या वाड्यातला प्लंबर म्हणायचा, पाइप कधी गळत नाही हो, गळतो तो सांधा. तुम्ही पाइप उत्तम बनवता. सांधा बघणारा माणूस मात्र तुमच्याकडून येत नाही. आलाच तर तो त्याच्या स्वभावामुळे किंवा आईवडिलांच्या पुण्याईने आलेला असतो.

एक रात्र सांगते. एका पावसाळ्यात माझी नेमणूक पूर नियंत्रण कक्षात रात्रपाळीला झाली. कक्ष म्हणजे एक लांब टेबल, तीन फोन, भिंतीवर ओल आलेला नकाशा आणि एक जाडजूड रजिस्टर. मी अर्ध्या अर्ध्या तासाने आकडे लिहून घेत होते. शहराच्या वरच्या आजवा तलावाची पातळी यायची फुटांत. काळ्या घोड्याच्या पुतळ्याजवळच्या पुलावरची, शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीची पातळीही फुटांत. देव धरणाची पातळी मीटरमध्ये, सोडलेलं पाणी क्युसेकमध्ये, पाऊस मिलिमीटरमध्ये. पन्नाशीपुढचे साहेब मात्र विचारणार, ‘किती इंच पडला?’ प्रत्येक खातं आपापल्या मापात अगदी अचूक होतं. मी वहीच्या रेघी कागदावर फूट-मीटरचा आणि इंच-मिलिमीटरचा कोष्टक करून टेबलाच्या काचेखाली सरकवला, आणि आपण फार मोठं काम केलं असं मला वाटलं.

दोन वाजता वरून फोन आला. ‘बेन, पाणी वधशे के उतरशे?’ वाढणार की उतरणार, एवढाच प्रश्न. टेबलावर सगळे आकडे होते आणि टेबलाभोवती चार खात्यांची माणसं होती. उत्तर कोणाकडेच नव्हतं. कारण आकडे शेजारी शेजारी लिहिले होते, एकमेकांशी बोलत नव्हते. मग कोपऱ्यात वायरलेसवर बसलेला हवालदार हळूच म्हणाला, ‘बेन, ढाढर भरली असेल तर आपलं पाणी उतरणार नाही. माझं गाव तिकडेच आहे.’ ढाढर म्हणजे विश्वामित्री खाली जिला मिळते ती नदी. त्याने गावी चुलत्याला फोन लावून उठवलं आणि गावच्या नाल्यावरून पाणी जातंय का, एवढं विचारलं. जात होतं. आम्ही वर कळवलं, सकाळपर्यंत उतरणार नाही. उतरलं नाही.

त्या खोलीत सगळ्यांत कमी पगाराचा माणूस तोच होता. नदी अख्खी ठाऊक असलेलाही तो एकटाच.

नदीची गोष्ट थोडी खुलवून सांगते, कारण तुमच्या वर्गात यापेक्षा चांगला धडा मिळणार नाही. विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून निघते. शहराच्या वर आजव्याचा तलाव आहे. सयाजीराव महाराजांनी तो शहराच्या पिण्यासाठी बांधला आणि १८९२ पासून त्याचं पाणी बडोद्याला मिळतंय. त्याचे बासष्ट दरवाजे आम्हाला इथे लहानपणापासून पाठ असतात. पावसाळ्यात त्याचं जादा पाणी याच नदीत येतं. नदी शहराच्या मधून वळणं घेत जाते, वाटेत शहरातल्या कांसा तिला मिळतात. पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नैसर्गिक ओहोळांना आमच्याकडे कांस म्हणतात: रूपारेल कांस, भुखी कांस, मसिया कांस. खाली जाऊन ती ढाढरला मिळते आणि ढाढर खंबातच्या आखातात जाते, जिथली भरती देशातल्या सर्वांत उंच भरत्यांपैकी आहे. देव धरणाचं पाणीही ढाढरलाच येतं. म्हणजे वर पाऊस, मध्ये शहर, खाली तुंबलेली ढाढर. बडोद्यात थेंबही पडला नाही तरी बडोदं बुडू शकतं.

आता या एका नदीचे मालक मोजा. डोंगर वनखात्याचा, धरण पाटबंधाऱ्याचं, तलाव नि कांसा महापालिकेच्या, काठची जमीन कुठे महसुलाची तर कुठे खासगी, पूल रस्त्यांवाल्यांचे, आणि एक रेल्वेचा. विश्वामित्री नावाचं रेल्वे स्टेशनच आहे इथे. शिवाय मगरी आहेत. शहराच्या मधोमध, शेकडो. त्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यातल्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणात येतात, तेव्हा त्यांना विचारल्याशिवाय नदीत फावडं घालता येत नाही. विचारायचं तरी कधी? नदीतला गाळ काढायला पाणी कमी हवं, म्हणजे फेब्रुवारी ते जून. मगर अंडी घालते ती फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान, काठाच्या मातीत बीळ करून, आणि पिल्लं पावसाळ्याच्या तोंडावर बाहेर येतात. गाळाचा मोसम आणि बाळंतपणाचा मोसम एकच. इथे खलनायक कोणी नाही. इंजिनिअर बरोबर आहे, वनअधिकारी बरोबर आहे, मगर तर बरोबर आहेच. असा प्रश्न तुमच्या परीक्षेत कधी येतो का, जिथे सगळे बरोबर असतात आणि तरीही लोकांच्या घरात पाणी शिरतं?

३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस झाला. एका फौजदाराने तान्ही मुलगी प्लॅस्टिकच्या टबात घालून, टब डोक्यावर घेऊन गळ्यापर्यंतच्या पाण्यातून बाहेर काढली. तो फोटो देशभर गेला. जायलाच हवा होता, आम्ही सगळ्यांनी त्याला हात जोडले. तुमच्याकडच्या व्याख्यानांत तो दाखवत असतीलच. पाच वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये, नदी ३५ फुटांवर गेली, धोक्याच्या खुणेच्या जवळपास दहा फूट वर. लष्कर बोलवावं लागलं. शहरातल्याच अकोट्याला एका छपरावर मगर बसलेली जगाने पाहिली. माझ्या मनात तेव्हापासून एकच गोष्ट आहे: टबाचा फोटो निघण्याची वेळ येऊ नये म्हणून जो माणूस पाच वर्षं या ऑफिसातून त्या ऑफिसात चपला झिजवतो, त्याचा फोटो निघत नाही. त्यामुळे मुलांना टबवाला व्हावंसं वाटतं. हा दुसरा कोणाच्या डोळ्यांसमोरच नसतो.

सरकारी गुजरातीत दोन वाक्यं फार चालतात. एक तोंडी आणि एक लेखी. तोंडी म्हणजे ‘ए अमारामां नथी आवतुं’, हे आमच्यात येत नाही. लेखी म्हणजे ‘आपनी कक्षाएथी योग्य थवा विनंती’, आपल्या स्तरावरून उचित कार्यवाही व्हावी. दुसरं वाक्य म्हणजे पहिल्याचाच इस्त्री केलेला अवतार. मी स्वतः ते किती वेळा टाइप केलं असेल याची गणती नाही, त्यामुळे मी शहाणपणा शिकवतेय असं समजू नका. अभिप्राय मागवला की फाईल माझ्या टेबलावरून जायची आणि माझं टेबल स्वच्छ दिसायचं. स्वच्छ टेबलाचं एक सुख असतं.

पण या वाक्यांमागे नुसता आळस नसतो, भीती असते. हे तुमच्या पोरांना कोणीतरी नीट सांगायला हवं. एका रस्त्याखालचा नाला दरवर्षी तुंबायचा. रस्ता एका खात्याचा, नाला दुसऱ्याचा. साफ करायची तरतूद एकाच्या हेडखाली, म्हणजे खर्चाच्या शीर्षाखाली, मशीन दुसऱ्याकडे, आणि मशीन चालवायचं डिझेल मागायचं तर तो खर्च कुठे टाकायचा यावर दोन्हीकडे मौन. चुकीच्या हेडखाली शंभर रुपये पडले तरी ऑडिटचा पॅरा, म्हणजे लेखी आक्षेप, निघतो आणि तो पॅरा निवृत्तीपर्यंत पाठ सोडत नाही. पेन्शनची फाईल अडते. संयुक्त पाहणी तीनदा झाली. पाच जीप यायच्या, प्रत्येक जीपमधला माणूस नाल्याचा आपल्या वाट्याचा भाग बघायचा, आणि चहा होऊन सगळे परतायचे.

चौथ्या खेपेला साहेबांनी, म्हणजे त्या दोन-तीन चांगल्यांपैकी एकाने, हिशेब खात्याच्या अधिकाऱ्याला जीपमध्ये घातलं. त्या गृहस्थांनी आयुष्यात नाला जवळून पाहिला नव्हता. पँट दुमडून ते खाली उतरले, वाकून पाइपात बघितलं, त्यांचा चष्मा पाण्यात पडता पडता राहिला. वर येऊन म्हणाले, ‘हे तर एकच काम आहे. दोन कामं म्हणून का दाखवताय?’ त्या दुपारी त्यांनी स्वतः टिपणीत तीन ओळी लिहिल्या: कोणत्या नियमाखाली दोन्ही खाती खर्च वाटून घेऊ शकतात. नियम पहिल्यापासून होता. वाचणारा कधी नाल्यापर्यंत आला नव्हता आणि नाल्यापर्यंत येणारे तो वाचत नव्हते. पुढच्या पावसात तिथे पाणी साठलं नाही. त्यानंतर साहेबांची बदली झाली, तीन वर्षांनी पुन्हा साठलं. तो भाग मी लपवत नाही.

बडोद्याचा माणूस सयाजीरावांचं नाव घेतल्याशिवाय पत्र पुरं करत नाही, तर घेते. १८७५ मध्ये नाशिककडच्या कवळाण्याहून बारा वर्षांचा मुलगा आणून गादीवर बसवला, आणि १८८१ च्या अखेरीस पूर्ण अधिकार हाती देईपर्यंत त्याला शिकवलं. दिवाण सर टी. माधवरावांनी त्याला राज्यकारभारावर व्याख्यानं दिली. या मुलाने पुढे सक्तीचं शिक्षण आणलं, पण आधी १८९३ मध्ये अमरेली भागातल्या थोड्या गावांत करून पाहिलं आणि राज्यभर लागू केलं ते १९०६ मध्ये. तेरा वर्षं थांबले. आजकाल तेरा महिन्यांत राज्यव्यापी योजना नाही केली तर साहेबाचा गोपनीय अहवाल फिका पडतो.

याच राज्यातली दुसरी गोष्ट मात्र आम्ही बडोदेकर दबक्या आवाजात सांगतो. डॉ. आंबेडकरांना महाराजांनी शिष्यवृत्ती दिली, कोलंबियाला पाठवलं. १९१७ मध्ये ते नोकरीवर रुजू झाले. मिलिटरी सेक्रेटरी, म्हणजे थेट महाराजांजवळचा हुद्दा. आणि राहायला घर मिळालं नाही. एका पारशी विश्रामगृहात नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढलं. दिवाणांनाही काही करता आलं नाही. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटीबागेत एका झाडाखाली बसून राहिले. ऑफिसात कारकून त्यांच्या टेबलावर लांबून फाईली टाकत. मी कारकून, म्हणून हे वाक्य लिहिताना माझा हात जड होतो.

वर सही होती. शिष्यवृत्ती होती, हेतू होता, राजा होता. सही जिथपर्यंत पोचते तिथून पुढे घरमालक, शिपाई, भाडेकरू, भीती आणि शेकडो वर्षांची सवय यांचं राज्य सुरू होतं, आणि त्या राज्यासाठी वरच्यांनी काहीच तयारी केलेली नव्हती. आदेश काढला की काम झालं, असं मानणाऱ्या प्रत्येक तरुण साहेबाला मी त्या बागेतल्या झाडाखाली नेऊन उभं करीन. आज त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात.

खाती एकत्र आणायचे प्रयोग झाले नाहीत असं नाही. आमच्याच लालबागेत, प्रताप विलास राजवाड्यात, १९५२ पासून वर्षानुवर्षं रेल्वेच्या अधिकाऱ्यांना शिकवलं. वाहतूकवाला, इंजिनिअर, हिशेबवाला, सगळे तिथे एका मेसमध्ये जेवायचे. तरी रेल्वेत खात्याखात्यांची भांडणं इतकी की डिसेंबर २०१९ मध्ये मंत्रिमंडळाने आठ सेवा मोडून एकच सेवा करायचं ठरवलं. २०२४ मध्ये तांत्रिक जागांसाठी पुन्हा अभियांत्रिकी परीक्षेकडे वळावं लागलं. मला यात नवल वाटलं नाही. नावाच्या पाट्या एक केल्याने माणसं एकत्र काम करत नाहीत, आणि सगळ्यांना थोडं थोडं येऊन पूल उभा राहत नाही. पूल बांधणारा पक्का इंजिनिअरच हवा, फक्त त्याला शेजारच्या टेबलाची भाषा समजायला हवी.

जमलेलं उदाहरणही जवळचंच आहे. मे २०१० मध्ये अहमदाबादेत अशी उष्णतेची लाट आली की नंतर हिशेब झाला तेव्हा त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त निघाले. २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेने उष्माघात कृती योजना केली, दक्षिण आशियातली पहिली. त्यात मोठं यंत्र नाही की मोठी इमारत नाही. हवामानखात्याचा अंदाज एका नेमलेल्या अधिकाऱ्याकडे येतो आणि तो ठरलेल्या क्रमाने सगळ्यांना हलवतो: दवाखाने, १०८, पाणपोया, बागा, शाळा, बांधकामाच्या साइट. एका महापालिका रुग्णालयात तर नवजात बाळांचा कक्ष तापलेल्या गच्चीखालच्या सर्वांत वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर आणला आणि बाळं आजारी पडणं कमी झालं. कपाटं नि खाटा खाली आणायचा खर्च तो काय असेल? पण त्यासाठी डॉक्टरने छपराचा विचार करावा लागतो.

आता माझं मागणं.

२०१९ च्या ऑक्टोबरात तुम्ही वीसेक सेवांच्या नव्या अधिकाऱ्यांना केवडियाला एकत्र आणलंत, ‘आरंभ’ नावाने. चांगलं केलंत. केवडिया आमच्यापासून नव्वदेक किलोमीटरवर आहे. तिथल्या सभागृहातून त्यांना चार दिवस बाहेर काढा आणि ही नदी पावागडपासून ढाढरपर्यंत चालवा. प्रत्येक टोळीत एक पोलीस, एक वनवाला, एक रेल्वेवाला आणि न चुकता एक हिशेबवाला असू दे. जाताना प्रत्येकाने आपल्या खात्याचं नाही, शेजाऱ्याच्या खात्याचं टिपण लिहायचं, आणि ज्याच्या खात्याचं आहे त्याने ते तपासायचं. सादरीकरण नको. स्लाइड तर अजिबात नकोत.

आणि त्यांना आठ दिवस आवक-जावकच्या टेबलावर बसवा. साहेब म्हणून भेट द्यायला नाही, शिक्के मारायला. एक अर्ज निवडून त्याच्यामागे हिंडू द्या. ज्या बाईच्या घरात पाणी शिरलं तिचा अर्ज किती टेबलांवर किती दिवस झोपतो आणि प्रत्येक झोपेला कोणतं रास्त कारण असतं, हे त्यांना समजेल. कारणं रास्त असतात, हेच तर शिकायचं आहे.

सरकारी नोकरांच्या प्रशिक्षणासाठीच्या, २०२० पासूनच्या मिशन कर्मयोगीत ‘नियमापेक्षा भूमिका’ असं म्हटलंय, ते मला पटतं. पण भूमिका मोबाईलवर शिकता येते यावर माझा विश्वास बसत नाही. ऑनलाइन कोर्स कसा होतो ते मी पाहिलंय: फोन डब्याला टेकवून व्हिडिओ चालू, पुढ्यात मेथीची जुडी. मेथी निवडून झाली की प्रमाणपत्र तयार.

शेवटचं मागणं तुम्हाला रुचणार नाही. अधिकाऱ्याचा वार्षिक अहवाल त्याचा वरिष्ठ लिहितो. त्यात एक रकाना शेजारच्या खात्याला द्या: या माणसाबरोबर काम करताना तुमचं काम सोपं झालं की अवघड? दोन ओळी पुरेत. भांडणं होतील, सूडही उगवले जातील, मान्य. पण आज शेजाऱ्याची फाईल तीन महिने अडवून स्वतःचं टेबल स्वच्छ ठेवणाऱ्याला उत्कृष्ट शेरा मिळतो, त्याचं काय?

तुमच्यापैकी कोणी यायला तयार असेल तर सप्टेंबरात या, पाऊस ओसरताना. दांडिया बाजारापासून काळ्या घोड्यापर्यंत मी बरोबर चालेन. गुडघे कुरकुरतात, पण तेवढं जमतं. पुलावरून पाण्याच्या पातळीच्या खुणा दाखवीन, मग बागेतलं झाड. फूट-मीटरचा कोष्टक अजून माझ्याकडे आहे, निवृत्तीच्या दिवशी काचेखालून काढून आणला. हवालदाराचं ढाढरकाठचं गावही मला आठवतं. तो आता नाही, पण त्याचा पुतण्या फोन उचलतो.

आपली,
एक निवृत्त हेडक्लार्क
दांडिया बाजार, बडोदे

ता. क. बूट जुने घालून या. आणि काठाला उतरायचं ते वनखात्याच्या माणसाला विचारूनच. तो नको म्हणाला तर ‘हे आमच्यात येत नाही’ असं म्हणून पुढे जाऊ नका.